तंत्रज्ञानाचा वाद आणि शिक्क्यांचे राजकारण

कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा दोन वाक्यांत आटोपते. ‘हा विकासविरोधी’ हे पहिले वाक्य आणि ‘हा भांडवलदारांचा दलाल’ हे दुसरे. अणुवीज असो, तेलशुद्धीकरण असो, रासायनिक कारखाने असोत की अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्ता असो, बोलणारा कोणत्या गोटातला आहे हे आधी ठरते. मग तो काय म्हणतो हे ऐकण्याची गरज उरत नाही. पूर्वी हे सभांमधून आणि वृत्तपत्रांतून चाले, आता ते मोबाइलवर रात्रंदिवस चालते. आपले कार्यकर्तेही या प्रवृत्तीला अपवाद नाहीत. म्हणून तिचा विचार या पानावर करणे अगत्याचे आहे.

शिक्का मारण्यात सोय असते. एकदा शिक्का मारला की करार वाचावा लागत नाही, हिशेब मांडावा लागत नाही, प्रतिपक्षाच्या शंकेला उत्तर द्यावे लागत नाही. पण ही सोय अंतिमतः कोणाच्या पथ्यावर पडते? कोकणाला या प्रश्नाचे उत्तर फार महागात मिळालेले आहे.

दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. त्याच वर्षी जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिक दृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून अर्थसाहाय्य नाकारले होते. जागतिक बँकेला कोणी विकासविरोधी म्हटले नाही. तोच आक्षेप गुहागरच्या ग्रामस्थांनी आणि मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी घेतला तेव्हा मात्र त्यांची संभावना प्रगतीचे वैरी म्हणून झाली. वस्तुतः आक्षेप विजेला नव्हता आणि यंत्रांनाही नव्हता. तो कलमांना होता. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरावयाचा, इंधनाचा आणि भांडवलाचा भार डॉलरच्या दराशी बांधलेला, त्यावर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी, असा तो करार होता. जोखीम सगळी सार्वजनिक आणि नफा सगळा खाजगी, हे त्याचे सार. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनी ही आकडेमोड चिकाटीने लोकांपुढे मांडली.

दुसऱ्या बाजूलाही शिक्क्यांची वाण नव्हती. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. परकी कंपनी म्हणून ती नको, एवढेच त्या भाषेतून मतदारापर्यंत पोहोचले. सत्तांतर झाले, ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, आणि काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन तो २,१८४ मेगावॅटच्या वाढीव स्वरूपात परत आला. ज्या घोषणेत कराराचे एकही कलम नव्हते ती गुंडाळून ठेवणे सत्ताधाऱ्यांना जड गेले नाही. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००० च्या उत्तरार्धात युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापन होऊन २००६ मध्ये तीच यंत्रे पुन्हा फिरू लागली. यंत्रे तीच, धनी दुसरा. तंत्रज्ञान आणि त्याभोवतीचे मालकीचे संबंध या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समाजवादाचे मूळ सूत्र यापेक्षा स्पष्ट कोणता दाखला सांगेल?

तरीही तोच खेळ राजापुरात पुन्हा झाला. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ मध्ये मागे घेतला गेला आणि नंतर बारसूच्या सड्यावर त्याची चर्चा सुरू झाली. विरोधक ‘बाहेरून आलेले’ ठरले आणि अनुकूल बोलणारा प्रत्येक जण, मग तो गावी रोजगार मिळेल या आशेवरचा बेकार तरुण का असेना, ‘जमिनीचा दलाल’ ठरला. त्या तापलेल्या वातावरणात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयीची बातमी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. समोरचा माणूस एकदा निव्वळ शिक्का झाला की त्याला चिरडणेही शक्य होते, असाच या घटनेचा अर्थ लावावा लागतो.

आमच्या महाड-पोलादपूरच्या भागातही हाच पेच आहे. औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल सावित्रीच्या काठचा मच्छीमार बोलू लागला की कारखान्यातील कामगाराला तो आपल्या पोटावर पाय आणणारा वाटतो. आणि कामगार नोकरीची बाजू घेऊ लागला की मच्छीमाराला तो मालकाचा माणूस वाटतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात बळी गेले ते कामगार. घातक रसायने शिस्तीने हाताळली जावीत ही कामगाराच्या जिवाची जशी गरज आहे, तशीच ती मच्छीमाराच्या उपजीविकेचीही आहे. दोघांचे हित एक असता दोघे परस्परांवर शिक्के मारीत बसतात, तोवर कारखान्याच्या व्यवस्थापनाला कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

या बाबतीत महाडलाच एक मोठा वारसा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर डिसेंबरच्या सत्याग्रहाची तयारी चालू असता केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंब्यासाठी एक अट घातली. ब्राह्मणांना सत्याग्रहात घेऊ नये, ही ती अट. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आपला विरोध ब्राह्मण व्यक्तींना नसून ब्राह्मण्याला आहे, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि परिषदेच्या मंडपाला जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने. जात पाहू नका, वर्ग पाहू नका, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. उलट, व्यवस्थेवर नेमके बोट ठेवायचे असेल तर ते व्यक्तीच्या जन्मखुणेवरून उचलावे लागते, असा त्याचा अर्थ आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिक्क्याचे चटके सोसले त्यांनीच हा विवेक दाखवला, हे विशेष.

आज हा विवेक टिकवणे अधिक कठीण झाले आहे, कारण भांडणाला बाजारभाव आला आहे. २०१७ मध्ये फेसबुकने मजकुराचा क्रम ठरवताना संतापाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून उघड झाले. पुढे संतापाचे वजन काढून टाकण्यात आले, पण व्यवसायाचे तत्त्व तेच राहिले. माणूस जितका वेळ पडद्याला चिकटेल तितकी जाहिरात विकली जाते, आणि चिडलेला माणूस लवकर उठत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आपला संताप हा इथे कच्चा माल आहे, आणि तो आपण फुकट पुरवीत आहोत. भांडवलशाहीला शिव्या देण्यासाठी जो कार्यकर्ता अर्धी रात्र जागतो, त्याने या उद्योगात आपले स्थान कोणते याचा हिशेब एकदा करावा.

मग करावे काय? आमच्या हिरकणीवाडीतून रायगडावर जाणारा रज्जुमार्ग १९९६ पासून चालू आहे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत असे वृद्ध त्यातून गडावर जातात. रज्जुमार्ग पुरोगामी की प्रतिगामी, हा प्रश्नच हास्यास्पद ठरेल. भाडे कोण ठरवतो, सुरक्षेची तपासणी कोण करतो, वाडीतल्या किती जणांना त्यातून काम मिळते, हे प्रश्न मात्र कोणीही विचारू शकतो. हीच कसोटी अणुभट्टीला, रसायनाला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेलाही लावता येते. मालकी कोणाची? जोखीम कोणाच्या माथी? लाभ कोणाला? आणि चूक झाली तर निर्णय फिरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती?

या प्रश्नांची उत्तरे मिळवण्याची साधने कायद्याने दिलेली आहेत. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पर्यावरणीय परवानगीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जेथे जनसुनावणी लागते तेथे किमान तीस दिवसांची सूचना आणि अहवालाचा मराठी सारांश मिळालाच पाहिजे. त्या तीस दिवसांत तो सारांश वाडीवाडीवर वाचून दाखवणे, त्यावर कामगार, मच्छीमार आणि बेकार तरुण यांना एका सतरंजीवर बसवणे, हे आपल्या शाखांचे काम आहे. त्या बैठकीत प्रकल्पाचा समर्थक आला तर त्याला आधी बोलू द्यावे. त्याच्या म्हणण्यातले कोणते कलम आपल्याला मान्य नाही, हे सांगता आले म्हणजे आपली तयारी झाली असे समजावे. ते सांगता येत नसेल, तर शिक्का उचलण्याआधी करार उचलावा.