फोन वाजतो तो पासवाल्या रांगेतच!

राजेहो, जुलै २०१९ मध्ये सुबोध भावेंनी फेसबुकवर लिहिलं होतं, की प्रयोग सुरू असताना फोन वाजतच राहणार असतील तर यापुढे नाटकात काम न करणंच बरं. तेव्हा ते 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्या करत होते. काहींना हे नटाचे नखरे वाटतात. तिकीट काढलं ते काय बोलणी खायला?

मला भावेंचं पटतं. सिनेमा फोन वाजला तरी पुढं सरकतो. नाटकात समोर जिता माणूस उभा असतो. त्याची तंद्री मोडली की अख्ख्या सभागृहाचा प्रयोग मोडतो. समीक्षकाची टीका नट दुसऱ्या दिवशी वाचतो, ही टीका त्याला भर वाक्यात ऐकावी लागते.

पण आपल्याकडचं बोलू. अमरावतीचं सांस्कृतिक भवन घ्या की अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह, मी तरी पाहतो, फोन जास्त वाजतो तो पुढच्या पासवाल्या रांगांत. तिथं पुढारी, साहेबलोक अन् आम्ही पत्रकार. पदरचे पैसे मोजून आलेला मागचा माणूस मात्र गुपचूप बसलेला असतो. अन् बदनाम होतं सारं वऱ्हाड!

आयोजकहो, फुकटचे पास बंद करा. सुरुवात आम्हा पत्रकारांपासूनच करा. पुण्या-मुंबईची नाटकं इकडे फिरकत नाहीत म्हणून आपण ओरडतो. आधी आलेलं नाटक तर धड ऐकू.

तुमचं काय म्हणणं?