आरोग्यधन : व्रत आणि गजकर्णाचे औषध

चातुर्मासातील दमट हवेत गजकर्ण बळावते. दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमातील स्टेरॉइडने खाज तात्पुरती शमते. बुरशी मात्र त्वचेत पसरतच राहते. डॉक्टरांनी दिलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरपेट जेवणानंतरच नीट शोषली जाते. उपाशीपोटी किंवा आम्लनाशकासोबत घेतल्यास तिचा प्रभाव घटतो. म्हणून चौविहार, एकासना वा उपवास करणाऱ्या श्रावक-श्राविकांनी आपले व्रत डॉक्टरांना आधीच सांगावे. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते; टर्बिनाफाइन गोळीच्या रूपात मिळते व अन्नावाचूनही घेता येते. निवड मात्र डॉक्टरांचीच असावी. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये. व्रताप्रमाणे उपचारही पूर्णत्वास न्यावा.