चिठ्ठी कोणी काढावी?

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तामलवाडी लागते. अशा गावाचे सरपंचपद महिलेसाठी राखीव राहणार की नाही, हे सोडतीने ठरते, तेव्हा चारचौघांसमक्ष चिठ्ठ्यांच्या घड्या भांड्यात टाकतात आणि एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठी उचलून घेतात. निकाल मनाविरुद्ध गेलेला माणूसही त्या हातावर संशय घेत नाही. मात्र त्याच गावातील पालकाने २००९च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये खासगी शाळेतील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज केला, तर चिठ्ठी काढतो तो संगणक. म्हाडाच्या घरांची सोडतही तोच काढतो. हा हात कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार पालकाला आहे.

वस्तुतः संगणकाला योगायोग ठाऊकच नाही. तेच गणित, तोच आरंभीचा आकडा दिला की तेच उत्तर येणार. सूत्राने काढलेल्या संख्या दिसायला कितीही विस्कळीत असल्या तरी आरंभीचा आकडा ज्याला कळला, त्याला पुढची सारी माळ कळली. १९९५ साली नेटस्केपच्या बाबतीत हेच घडले. त्या प्रोग्रामचा आरंभीचा आकडा मुख्यतः घड्याळातील वेळेवरून बनत असे. कॅलिफोर्नियातील गोल्डबर्ग व वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी तो हुडकून दाखविला आणि गुप्त म्हणविले जाणारे व्यवहार उघडे पडले.

मग खरा योगायोग आणायचा कोठून? तो यंत्राच्या बाहेरच्या जगातून यावा लागतो. दोन कळा दाबण्यामधला सूक्ष्म काळ, तबकडीच्या हालचालीतील विलंब, यंत्रातील विद्युत्-कल्लोळ यांचा अंदाज बांधता येत नाही. या साऱ्या घटना प्रथम कळतात त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. म्हणूनच १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्सच्या गाभ्यातच यादृच्छिक संख्यांचे भांडार उभारले. गावाला एक राखलेली विहीर असावी, घरोघरी उथळ खड्डे नसावेत, असाच हा विचार आहे.

हा विचार न पाळल्याची किंमतही जगाने मोजली आहे. २००६ साली डेबियन प्रणालीतील ओपनएसएसएलमध्ये एक बदल झाला आणि गाभ्याकडून आलेली अनिश्चितता त्यात मिसळेनाशी झाली. विहीर भरलेली होती; घागर फुटकी होती. परिणामी एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या उण्यापुऱ्या ३२,७६८ प्रकारच्याच बनू लागल्या. ही चूक २००८ साली उघडकीस आली. तोवर जवळजवळ दोन वर्षे कोणाच्या ध्यानातही ती आली नाही, कारण बिघडलेला योगायोग चांगल्या योगायोगासारखाच दिसतो.

तेव्हा बँकेची किल्ली असो वा सांकेतिक शब्द, त्यासाठीचा आकडा गाभ्यातूनच यावा, हे निर्विवाद आहे. परंतु सार्वजनिक सोडतीचा प्रश्न येथे संपत नाही. किल्लीचा आकडा कायम गुप्त राहावा लागतो; सोडतीचा आकडा आधी अज्ञात आणि नंतर सर्वज्ञात असावा लागतो. गाभ्यातून निघालेला आकडा कितीही निर्दोष असला तरी तो खरोखर तेथूनच आला, की कोणी पुनःपुन्हा काढून सोयीचा तेवढा ठेवला, हे पालकाला पडताळता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. अर्जक्रमांकांची यादी आणि सोडतीचा प्रोग्राम आधी जाहीर करून गोठवावा. मग पालकांसमक्ष लहान मुलाच्या हातून शून्य ते नऊ यांपैकी एक चिठ्ठी काढावी, ती परत भांड्यात टाकावी, आणि असे वीस वेळा करावे. त्या वीस अंकांचा आकडा हाच सोडतीचा आरंभ ठरावा. पुढचे गणित संगणक करील आणि तेच गणित शाळेतला शिक्षक किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या संगणकावर पुन्हा करून पाहू शकेल.

ज्याच्या मुलाचा क्रमांक लागला नाही, त्याचे समाधान करणे हीच सोडतीची खरी कसोटी होय. नशिबाला दोष देऊन माणूस घरी जाऊ शकतो; संशय घेऊन गेलेला माणूस मात्र पुन्हा त्या दारी विश्वासाने येत नाही.