गप्प बसणं म्हणजे सब्र नव्हे

गेल्या महिन्यात माझी नववीतली भाची नेरूळला आमच्याकडे राहायला आली होती. सोबत एक कादंबरी होती, लोरी हॉल्स अँडरसन यांची १९९९ची ‘स्पीक’. वाचता वाचता वैतागून म्हणाली, “मामू, ही मुलगी सांगून का टाकत नाही?”

कादंबरीतल्या मेलिंडावर नववीच्या आधीच्या सुट्टीत एका पार्टीत बलात्कार होतो. ती पोलिसांना फोन लावते, पण बोलू शकत नाही. पार्टी मोडली म्हणून मैत्रिणी तिला वाळीत टाकतात. मग ती ओठ चावत गप्प राहते, शाळेतल्या अडगळीच्या खोलीत लपते. मार्क घसरतात आणि घरी फक्त मार्कांवरून भांडणं होतात.

भाचीला उत्तर देताना मला माझी आठवी आठवली. १ मार्च २००३, वर्ल्ड कपमधली भारत-पाकिस्तान मॅच. तेंडुलकरच्या ९८ धावांवर मीही घरात नाचलो होतो. नंतर शाळेत गेलो तर पोरं म्हणाली, “काय रे, तुझी टीम हरली ना?” मी हसलो. वर्षभर हसत राहिलो. अब्बांना वाईट वाटेल म्हणून घरी काही बोललो नाही.

मेलिंडाच्या दुःखाशी माझी तुलनाच नाही, पण मार्ग एकच: दिवस ढकलायचा. तोच मार्ग इतरांकडे वेगळ्या रूपात दिसतो. ताहेरेह माफी यांच्या ‘अ व्हेरी लार्ज एक्स्पान्स ऑफ सी’मधली हिजाब घालणारी शिरीन ९/११नंतरच्या अमेरिकेत सगळ्यांशी तुटक वागते आणि ब्रेकडान्समध्ये जीव ओतते. ‘फँड्री’तला जब्या वर्गातल्या मुलांच्या नजरेपासून लपत राहतो आणि शेवटी दगड उचलतो. ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणारे किशोर शांताबाई काळे शिकत राहिले, डॉक्टर झाले. ते मात्र आत्मकथन आहे, मोठं झाल्यावर लिहिलेलं. दुखत असतानाच हाती लागावं असं मराठीत फार थोडं आहे, आणि त्यात आयेशा किंवा इम्रान जवळजवळ नाहीतच.

चांगली पुस्तकं मुलाला ‘असं का वागतोस’ म्हणून झापत नाहीत. गप्प राहणं, चिडणं, हसणं यांनी दिवस निघतो, पण दुखणं जात नाही, हे ती दाखवतात. माझ्या कामात एरर गिळून टाकणारा कोड सर्वांत धोक्याचा. प्रोग्राम सुरळीत चालल्यासारखा दिसतो आणि आत बिघाड साठत जातो.

आपल्या घरांत अशा मुलाला सांगतात, “सब्र कर, घराची इज्जत आहे.” पण सूरह यूसुफ आठवा. कोवळ्या यूसुफला विहिरीत टाकणारे त्याचे सख्ख्या घरातलेच होते. आणि सब्राचा आदर्श मानलेले याकूब रडून रडून डोळे गमावून बसले. त्यांनी दुःख लपवलं नाही.

केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. बहुतेकांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलं नसतील असं मानायला काही कारण नाही.

२०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो करणारा चाचा असो वा उस्ताद. १०९८ हा नंबर मुलं स्वतः फिरवू शकतात. घरात तो मुलांना पाठ असायला हवा.

तुम्ही विशीत असाल तर तुमच्या धाकट्या भावंडांना आई-अब्बांपेक्षा तुम्ही जवळचे आहात. त्यांच्यासाठी एखादी गोष्ट लिहा. आणि कुणी सांगायला आलं तर “आधी का नाही बोललीस?” हा प्रश्न गिळा.

भाचीने पुस्तक संपवलं. जाताना मला विचारलं, “मामू, तुम्ही अब्बांना नंतर तरी सांगितलंत का?” नव्हतं सांगितलं. त्या रात्री फोन केला. अब्बा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “मला वाटायचं, तू खूष आहेस.”