हा मळ नव्हे, घासून जायचा नाही

या पानावर आजवर मी बोंडअळी, धानावरचा तुडतुडा आणि बियाण्याची उगवणशक्ती यांवर लिहीत आलो. आज घरातल्या पोरांविषयी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस. पण गावोगाव फिरताना जे दिसते ते सांगायला काय हरकत?

वडोद्याकडच्या एका गावात माती नमुने घ्यायला गेलो होतो. अंगणात एक माउली चौदा वर्षांच्या पोराची मान दगडाने घासत होती. "किती घासा साहेब, हा काळेपणा जातच नाही. धड आंघोळ करत नाही हा पोट्टा!" पोरगा अंगाने भरलेला, मान काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण वाढलेले राहिले की मानेवर आणि काखेत कातडी अशी होते. मधुमेहाच्या वाटेवरची ही पाटी आहे. त्या पोराने रडवेल्या तोंडाने माझ्याकडे पाहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की जगात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुले (९.४ टक्के) आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाली. आपला दक्षिण आशिया त्याला अपवाद आहे, इथे अजून हडकुळी पोरेच जास्त. म्हणून आपण निर्धास्त राहायचे का? केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची सुमारे ५ टक्के मुले जादा वजनाची निघाली, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची निघाली सुमारे १० टक्के. म्हणजे जाड दिसत नाहीत अशा पोरांच्याही रक्तात साखर वाढते आहे.

हे कोडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडून दाखवले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ मध्ये त्यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर सारखेच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाटा आपल्या माणसाला असा फसवतो.

आता स्नायूंचे काम काय, ते आपल्या भाषेत सांगतो. जेवणातली साखर रक्तात येते आणि इन्सुलिन तिला कोठारात लोटते. सर्वांत मोठे कोठार म्हणजे मांड्या, पाठ, खांदे यांचे स्नायू. कोठार लहान आणि तेही भरलेले असेल, तर माल यार्डात पडून राहतो तशी साखर रक्तात राहते. स्नायूंनी जोर लावला की जुना साठा वापरला जातो, आणि त्या वेळी इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतली जाते. रोजच्या जोराने कोठारही वाढते. कॅनडातल्या ओटावा शहरात १४ ते १८ वयाच्या ३०४ लठ्ठ मुलामुलींवर प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आहाराचा सल्ला सारखाच. २२ आठवड्यांत नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांची चरबी ०.३ अंकाने उतरली, पळणे-सायकलवाल्यांची १.१ ने आणि वजने उचलणाऱ्यांची १.६ ने. आकडे लहान आहेत, चमत्कार नाही. पण जाड पोराला "पळ" एवढेच सांगणे अपुरे आहे, हे त्यातून कळते. तसेही जाड पोर पळताना हसू होते आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. वजन उचलायला मात्र तेच पोर बरेचदा वर्गात पुढे असते.

आपल्याकडे हा जोर शेतातूनच मिळायचा. तो गेला त्यात माझाही हात आहे. तणनाशकाची शिफारस मीच केली, रोवणी यंत्राचे प्रात्यक्षिकही मीच दाखवले. त्याचा पस्तावा नाही, कोणाचे लेकरू पुन्हा निंदणाला जुंपावे असे मी म्हणणार नाही. पण गेलेल्या कामाच्या जागी आपण काय ठेवले? मोबाईल आणि पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट. दंड-बैठका, मुद्गल, मल्लखांब ही आपलीच विद्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. इकडे शाळेत खेळाचा तास गणिताला जातो. पंचायतीने बसवलेल्या खुल्या व्यायामशाळेची बरीच यंत्रे नुसती झुलतात, त्यात जोर लागतच नाही. कामठीची पोरे पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावतात, पण पन्नासपैकी पंधरा गुण गोळाफेकीचे आहेत हे विसरतात. मुलींचा तर विचारच नाही. "पोरीला काय पैलवान करायची?" असा प्रश्न येतो. साखर मुलगा-मुलगी पाहत नाही हो.

एक सोपी तपासणी घरीच करा. पोराच्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर पोट वाढले आहे. अशा वेळी, किंवा मान काळी दिसली तर, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांनाही विचारा.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. भिंतीला हात टेकून दंड, खाटेवर बसून उठणे, पाण्याची कॅन उचलणे. एका दमात दहा-बारा वेळा, मग विश्रांती आणि पुन्हा एकदा. सोपे वाटू लागले की वजन थोडे वाढवा. श्वास कोंडू नये. युरियाची ४५ किलोची गोणी पोराच्या खांद्यावर टाकून "व्यायाम कर" म्हणू नका. जाणत्या माणसाच्या देखरेखीत बेताने वजन उचलल्याने उंची खुंटत नाही, ती भीती सोडा. जिममध्ये विकतात त्या डब्याच्या भुकटीची गरज नाही, घरचा हरभरा, वरण, दूध, अंडी पुरेत.

त्या माउलीला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने दगड बाजूला ठेवला. परवा पुन्हा त्या गावी गेलो. बापाने जुन्या ठिक्यात पाच किलो रेती भरून दोन्ही बाजूंनी दोर बांधला आहे. मान अजून काळीच आहे. पोराने बैठका मोजून दाखवल्या, सतरा झाल्या. धाकटी बहीण मागे उभी राहून मोजत होती, मग तीही करू लागली.