घरखर्चाची वही : हरवलेलं घड्याळ आणि सातशे रुपये



या आठवड्याच्या टपालात बदनापूरच्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या रोज एसटीने जालन्याला जातात आणि एका लहानशा दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करतात. त्या लिहितात, "वीस वर्षांपूर्वी लग्नात वडिलांनी दिलेलं चावीचं एच.एम.टी. घड्याळ गेल्या महिन्यात बसच्या गर्दीत हातातून सुटलं. घरी येऊन पाहते तो मनगट रिकामं. हे म्हणतात, मोबाईल आहे ना, मग घड्याळ कशाला? सासूबाई म्हणतात, हरवणारीला पुन्हा कशाला द्यायचं? माझ्याजवळ भिशीतले सातशे रुपये आहेत. घड्याळ घेऊ की धाकट्याच्या शाळेच्या बुटांना ठेवू? वडिलांना अजून काही बोलले नाही."

अशी पत्रं थोड्याफार फरकाने पुष्कळ येतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देते.

आधी शोध

वस्तू बसमध्ये गेली असेल तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, बसस्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाकडे आणि गाडी ज्या आगाराची असेल तिथे चौकशी करावी. त्यासाठी तिकीट जपून ठेवायची सवय लावून घ्या. गाडी कोणती, वेळ कोणती, हे तिकिटावरून सांगता आलं की विचारणं सोपं जातं. नुसतं "काल संध्याकाळी हरवलं" म्हटलं तर बिचारा कंडक्टर तरी काय सांगणार? चौकशी करूनही नाहीच मिळालं, तर मात्र रोज त्याच विचारात जीव आटवू नये.

मोबाईल असताना घड्याळ कशाला?

ज्यांचा दिवस घरात जातो त्यांना कदाचित नसेलही लागत. भिंतीवर एक असतंच. पण दवाखान्यात काम करणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. रोग्याची नाडी मोजायची तर एका हाताची बोटं रोग्याच्या मनगटावर आणि नजर सेकंदकाट्यावर हवी. अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजून दुप्पट करायचे, आणि ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजायचे. अशा वेळी औषधाच्या हातांनी मोबाईल काढायचा, उघडायचा, पुन्हा ठेवायचा, हे बरं दिसत नाही आणि स्वच्छही नाही. शिंप्याची कात्री, तसं हे घड्याळ. कामाच्या हत्याराला कोणी चैन म्हणत नाही. घरातल्यांना हे एकदा शांतपणे समजावून सांगा. "मला हौस आहे" म्हणण्यापेक्षा "माझ्या कामाला लागतं" म्हटलेलं लवकर पटतं, आणि इथे तर ते खरंच आहे.

तेच घड्याळ पुन्हा मिळेल का?

बंगळूरचा एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षं लग्नात एच.एम.टी. देणं हा मानाचा आहेर होता. पण एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता जुन्या बाजारात आणि ऑनलाईन चावीची एच.एम.टी. घड्याळं दिसतात, त्यांतली बरीच नव्याने रंगवलेल्या तबकडीची आणि आत इकडचे-तिकडचे भाग जोडलेली असतात. शिवाय चावीच्या घड्याळाला दर काही वर्षांनी साफसफाई आणि तेलपाणी लागतं, आणि बायकांच्या लहान घड्याळाचं हे नाजूक काम करणारे कारागीर आता थोडेच उरलेत. सातशे रुपयांत त्या वाटेला जाऊ नये. तसंच दुसरं मिळालं तरी वडिलांच्या हातचं ते नव्हेच.

कपाटात पाहिलंत का?

खरेदीआधी घरातलं कपाट, ट्रंक, देवघरामागचा डबा पाहून घ्या. बहुतेक घरांत एखादं बंद पडलेलं घड्याळ असतंच. सासऱ्यांचं, यजमानांचं, दिराचं. ते सेलवर चालणारं असेल तर घड्याळवाल्याकडे न्या. आत सेलचं पाणी सुटून पांढरी-हिरवी पपडी धरली नसेल, तर बहुधा नुसता सेल बदलून चालू होतं. मशीनच गेलं असेल तरी साध्या घड्याळात अख्खं मशीन बदलता येतं. काय खर्च येईल ते मात्र आधी विचारा. सेल, पट्टा आणि मजुरी मिळून बहुधा तीनशेच्या आत भागतं. पुरुषी घड्याळ बाईच्या हातात मोठं दिसेल ही भीती सोडा. मोठ्या तबकडीवर सेकंदकाटा उलट चांगला दिसतो.

नवंच घ्यायचं असेल तर

नावाजलेल्या कंपन्यांची साधी, सेलवरची काट्यांची घड्याळं हजाराच्या आत मिळतात. जालन्याच्या सदर बाजारात दोन-तीन दुकानं फिरून मगच ठरवा. पाहायचं ते इतकंच :

तबकडी पांढरी किंवा फिकी, आकडे बारापर्यंत स्पष्ट आणि सेकंदकाटा मधोमध असावा. खडे, सोनेरी मुलामा आणि एकाआड एक आकडे असलेलं फॅन्सी घड्याळ नाडी मोजायला कुचकामी.

छापील किंमत पाहून घ्या. तीत सगळे कर धरलेले असतात, वर एक पैसाही मागता येत नाही. पावती आणि दुकानाचा शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार तक्रार ऐकेना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो.

मोठ्या कंपनीचं नाव आणि किंमत दोनशे, असं दिसलं की ते नकली समजा. "मूळ किंमत तीन हजार, आज फक्त चारशे" या जाहिरातीतली मूळ किंमत बहुतेक वेळा कागदावरचीच असते.

"तीस मीटर" असं लिहिलेलं घड्याळ पाण्याचे शिंतोडे सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. ते घालून भांडी घासू नये, आंघोळ तर नाहीच नाही.

ज्यांच्या दवाखान्यात मनगटावर काही घालू देत नाहीत, त्यांनी छातीला पिनेने अडकवायचं, उलट्या तबकडीचं परिचारिकांचं घड्याळ घ्यावं. मान खाली केली की वेळ सरळ दिसते.

सेल आणि पट्टा

सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ मोजली जाते. म्हणून शेकड्यातलं घड्याळही महिन्याला काही सेकंदच चुकतं. सिल्व्हर ऑक्साईडचा सेल साधारण दोन वर्षं चालतो. स्वस्तातला अल्कलाईन सेल लवकर संपतो आणि कधी आत पाझरून मशीनच खराब करतो. त्यामुळे पाकिटातून आपल्यासमोर काढलेला सेल बसवून घ्या. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारतो. ती खूण ओळखा आणि बंद पडायची वाट पाहू नका.

पट्टा कातडी नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने तो कुजतो, वास येतो. रबरी, नायलॉनचा किंवा स्टीलचा बरा. मुख्य म्हणजे पट्टा तबकडीला जोडणाऱ्या दोन बारीक पिना. घड्याळ हातातून पडतं ते बहुतेक यांच्यामुळेच. दर दिवाळीला त्या बदलून घ्या, खर्च अगदी किरकोळ येतो.

हिशोब

आता सातशेचं गणित. कपाटातलं घड्याळ तीनशेत चालू झालं, तर चारशे बुटांना उरतात. नाही झालं आणि बूट फाटलेलेच असतील, तर शाळा आधी, बूट आधी. मग भिशीचा खड्डा असा भरा : १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या वाचलेल्या पैशांतले कामाच्या दिवशी पाच रुपये वेगळ्या डब्यात टाका. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे सव्वाशे होतात, सहा महिन्यांत साडेसातशे. हा डबा तुमच्या कामाच्या वस्तूंचा. त्यातून मीठ-मिरची आणायची नाही.

राहिले वडील. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. फोनवर नको, पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा समोर बसून सांगा. वीस वर्षं लेकीने रोज हातात घातलेलं घड्याळ हरवलं, याचं त्यांना वाईट वाटेल, पण वीस वर्षं घातलं हेही त्यांना त्याच वेळी कळेल.

आणि सर्वांनाच एक सांगते. नवं घड्याळ आलं की मागच्या बाजूचा नंबर, दुकानाचं नाव, तारीख आणि किंमत घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि पावती त्याच पानाला टाचून ठेवा.