पार्किंग पक्कं करताय? आधी सावली मोजा!

परीक्षा संपल्या की कॉलेजच्या गेटवर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, ‘प्रवेश सुरू’चा फ्लेक्स आणि दुसरी, गिट्टीचा ढीग. मुलं सुट्टीवर, मैदान मोकळं, निधी मंजूर झालेला, वरून ‘नॅक’ची समिती येणार. मग काय, उरकून टाका पार्किंगचं काम! जूनमध्ये तुम्ही परत येता तेव्हा पार्किंग एकदम चकाचक असतं. चिखल नाही, धूळ नाही, पांढरे पट्टे आखलेले. फक्त कुंपणाजवळचे दोन कडुनिंब कुठे दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, पार्किंग हा काय संपादकीयाचा विषय झाला? झाला ना. आपण विदर्भात राहतो. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि चंद्रपूर, अकोल्याची नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत असतात. हे आकडे सावलीतल्या हवेचे. त्याच वेळी उघड्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर गेलेला असतो. नवं काळं डांबर अंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम पाच टक्के परत फेकतं, बाकी सगळं पिऊन घेतं आणि रात्रभर हळूहळू सोडत बसतं. शेजारच्या हॉस्टेलमध्ये रात्री कूलर लावूनही भिंती गरम का लागतात, याच्या उत्तराचा एक भाग खिडकीखालच्या पार्किंगमध्ये असू शकतो.

शहराचे रस्ते कसे करायचे हे तुम्हाला कुणी विचारत नाही. पण कॉलेजचं, हॉस्टेलचं, सोसायटीचं पार्किंग ही अशी जमीन आहे, जिथे तुमचा शब्द पोहोचू शकतो. म्हणून तिथे ‘काय टाकायचं’ हा प्रश्न येण्याआधी दुसरा प्रश्न विचारा : किती जागेवर टाकायचं?

आता हिशेब करू. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका दुचाकीला एक बाय दोन मीटर, म्हणजे दोन चौरस मीटर जागा धरतात. कारला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा. एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. कॉलेजात येणारी बहुतेक मंडळी दुचाकीवर, पण नकाशा कारचा हिशेब धरून काढलेला, असं बऱ्याच ठिकाणी असतं. एक आठवडा रोज सकाळी अकरा वाजता गाड्या मोजा. खरा आकडा हाती आला की कळतं, सगळं मैदान झाकायची गरजच नव्हती. जे झाकलं नाही ते तापणार नाही, आणि त्यावर खर्चही होणार नाही.

मग येतो प्रकार निवडण्याचा प्रश्न. डांबर स्वस्त आणि झटपट होतं. पण मे महिन्याच्या दुपारी डांबरावर साइड स्टँडवर लावलेली गाडी आठवते? स्टँडचं टोक लहान, सगळा भार तिथेच. मऊ झालेल्या डांबरात ते रुतत जातं, एक गाडी आडवी होते आणि तिच्यामागे अख्खी रांग. डांबर टाकायचंच असेल तर दर्जा विचारा. भारतीय मानकानुसार ज्या भागात सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असतं तिथे व्हीजी-३० आणि त्याहून वर जातं तिथे व्हीजी-४० हे डांबर योग्य. इतकं करूनही दुचाकी उभ्या राहतात तो पट्टा काँक्रीटचा किंवा पेव्हर ब्लॉकचा, म्हणजे आपल्या गट्टूंचा केलेला बरा.

काँक्रीटचा रंग फिका, त्यामुळे ते डांबरापेक्षा कमी तापतं. पण त्याची खरी परीक्षा पहिल्या दहा दिवसांत असते. उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओलं ठेवावं, असं आपलं मानक सांगतं. ४० अंशांच्या वर काम करायचं तर वेगळी काळजी घ्यावी लागते : गिट्टीवर पाणी मारून ती थंड ठेवणं, संध्याकाळनंतर ओतणं, ओतल्यावर लगेच झाकणं. आता मे महिन्यात, टँकरने पाणी येणाऱ्या कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी कोण दहा दिवस पाणी मारणार? पाणी उडून जातं, वर बारीक भेगा पडतात, आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघायला लागतात. ‘सुट्टीत उरकू’ हा विचार काँक्रीटसाठी सगळ्यात चुकीचा आहे. ते काम दिवाळीनंतरच्या थंडीत करा.

गट्टूंचं तसं नाही. ते कारखान्यात तयार होऊन, पाणी पिऊन येतात, त्यामुळे उन्हाळ्यातही बसवता येतात. खालून केबल टाकायची असेल तर काढून परत लावता येतात. दुचाकी आणि कारसाठी ६० मिलिमीटर जाडी चालते, बस किंवा ट्रक जाणार असेल तर ८० घ्या. आणि लाल, काळ्या नक्षीच्या मोहात पडू नका. साधा फिका राखाडी रंग बरा, कारण तो कमी तापतो.

एक गोष्ट मात्र वरून दिसत नाही, ती म्हणजे खालची काळी माती. आपली कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर थेट काहीही टाका, ते वरखाली होणारच. काळी माती खणून काढायची, चांगला मुरूम भरून रोलरने दाबायचा, त्यावर गिट्टीचा थर, मग वाळू आणि मग गट्टू. कंत्राटात सगळ्यात आधी कात्री लागते ती या न दिसणाऱ्या थरांना. म्हणून काम सुरू असताना एखाद्या दिवशी जाऊन खड्डा बघा. वर्षभराने खचलेले गट्टू बघण्यापेक्षा ते सोपं आहे.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरचं पार्किंग आणि ५० मिलिमीटरची एक जोरदार सर, म्हणजे ५० हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर! उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो आणि जुलैमध्ये पाच टँकर गेटबाहेर ढकलून देतो. ते जातं कुठे? रस्त्यावर, आणि रस्ता उंच झाला असेल तर खालच्या घरांच्या अंगणात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या घराघरांत पाणी शिरलं, ते आपण पाहिलं. त्याचा दोष पार्किंगवर टाकता येणार नाही, पण पाणी मुरायला जागाच उरली नाही की प्रत्येक मोठी सर अधिक महाग पडते, एवढं तरी त्यातून शिकायला हरकत नाही.

उपाय फार अवघड नाही. मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटर उतार द्या आणि पाणी एका कडेच्या चरात न्या. चरात गिट्टी, वाळू आणि वर झाडोरा. काळी माती फुगते म्हणून हा चर गट्टूंपासून थोडा लांब ठेवा. पार्किंगच्या पाण्यात ऑइल असतं, तेव्हा ते थेट बोअरवेलमध्ये सोडू नका.

आणि शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, सावली. कितीही फिका रंग लावा, उघड्या जमिनीशी झाडाखालच्या जमिनीची बरोबरी होत नाही. दोन रांगांच्या मध्ये कडुनिंब, करंज लावा. आहेत ती झाडं ठेवून पट्टे आखा. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी सोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एवढ्या अंतरात काढायला लावलं होतं. झाड मोठं होईपर्यंत शेड हवी असेल तर ती सोलरची करा. साधारण दहा चौरस मीटरवर एक किलोवॅट बसतं आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. खाली गाडीची सीट थंड, वर लायब्ररीचे पंखे चालू.

ही सावली फक्त आपल्या गाडीसाठी नाही. आपण गाडी लावतो आणि वर्गात जातो. पार्किंगवाले काका मात्र सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत त्याच फरशीवर उभे असतात. नकाशा काढताना त्यांच्या खुर्चीची जागा कुणी विचारात घेतो का?

तेव्हा मंडळी, यंदा एक करा. सिव्हिलची मुलं, एनएसएसची टीम, कुणीही चालेल. सात दिवस गाड्या मोजा. दुपारी एक वाजता कुठे कुठे सावली असते ते कागदावर आखा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते टिपून घ्या. या तीन कागदांसह प्राचार्यांना किंवा सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि कंत्राट निघायच्या आधी नकाशा दाखवा म्हणा. तो त्यांनी दाखवला, तर त्यावर आधी दोन कडुनिंब शोधा.